झीलकऱ्याशिवाय पोवाडा होत नाही

पोवाडा बघायला गेलो की आपली नजर शाहिरावरच असते. फेटा, डफ, कानावर गेलेला हात, आवाज चढला की गळ्याच्या ताणलेल्या शिरा, सगळं तिथंच. त्याच्या मागे दोघं-तिघं उभे असतात, एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांजा, आणि त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्यांचं काम वरवर बघितलं तर एवढंच, शाहिराची ओळ संपली की तिचा शेवटचा तुकडा उचलायचा आणि जी जी रं जी करून त्याच्याकडे परत द्यायचा. हे झीलकरी. लहानपणी मला वाटायचं की शाहिराला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून ही माणसं ठेवलेली असतात, आणि ते खरं आहेच, पण पुढं जलसे जवळून बघितल्यावर लक्षात आलं की हा माणूस त्या रंगमंचावरचा ऐकणारा आहे. त्याची जी म्हणजे, हो, ऐकलं, पुढं बोला. आणि मधेच तो अडवतो पण. अहो शाहीर, थांबा जरा, हे काय म्हणालात, आमच्या डोक्यात नाही शिरलं. मग शाहीर गाणं थांबवून साध्या बोलीत समजावतो, समोर बसलेल्या माणसाच्या मनात जी शंका होती ती झीलकऱ्यानं विचारलेली असते.

मला या लेखात जे म्हणायचंय ते या माणसाबद्दल आहे. आपल्याकडे राजकीय वाद घालायच्या ज्या जुन्या कला होत्या त्यांच्यात ऐकणाऱ्याची जागा आधीच करून ठेवलेली असायची, ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नसायची. आज सभा, टीव्हीवरच्या चर्चा, ग्रामसभा, सगळीकडे बोलणाऱ्याची सोय वाढत गेली आणि झीलकरी गेला. आणि आवाजावर आपण जे भांडतो ते फक्त किती मोठा यावर भांडतो, कोणी ऐकलं का हे कुणी विचारतच नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल की झीलकरी म्हणजे री ओढणारा, होयबा, त्याचं एवढं कौतुक कशाला. हा आक्षेप मी मनापासून घेतो कारण आजूबाजूला री ओढणारे भरपूर आहेत. पण री ओढणारा पुढच्याचं वाक्य संपायच्या आधीच वा वा करतो, त्याला ते वाक्य काय होतं हे विचारलं तर सांगता येणार नाही. झील धरणाऱ्याला ओळ पूर्ण ऐकावीच लागते, नाहीतर त्याला ती उचलताच येत नाही, सूर चुकतो आणि सगळ्या गावासमोर कळतं की हा ऐकत नव्हता.

कोकणातला शक्ती-तुरा घ्या. देशावर त्याला कलगी-तुरा म्हणतात. तुरेवाले शिवाची, पुरुषाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची, आणि रात्रभर एकमेकांना सवाल टाकणार, कोडी घालणार, पुराणातले संदर्भ काढणार. आता यात काय होतं बघा, समोरच्या शाहिरानं पंधरा मिनिटं जो सवाल मांडलाय तो शब्दन् शब्द ऐकल्याशिवाय तुम्हाला जबाब देताच येत नाही. त्यानं कुठल्या चालीत मांडलाय, कुठल्या शब्दात फसवणूक लपवलीय, कुठला धागा मुद्दाम अर्धा सोडलाय, सगळं कानानं पकडायचं, लिहून घ्यायला तिथं वेळ नसतो. आणि प्रेक्षक जाणकार असतात, मुंबईतल्या हॉलांमध्ये रात्र रात्र बसणारे चाकरमानी, त्यांना लगेच कळतं की बुवानं सवाल एक ऐकला आणि जबाब दुसऱ्याच सवालाचा दिला. तिथंच त्याची हार होते, आवाज कितीही पहाडी असो. डबलबारीच्या भजनातही तेच, दोन बुवा समोरासमोर. मला हे फार मोठं वाटतं. वाद जिंकायची पहिली अट म्हणजे समोरच्याचं पूर्ण ऐकणं, हा नियम कुठल्या घटनातज्ज्ञानं नाही, आपल्या गावातल्या शाहिरांनी घालून दिलेला आहे.

आता कुणी म्हणेल, शिव-शक्तीचा वाद म्हणजे राजकारण नाही. मग जलशांकडे या. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि पुढच्या काळात त्यातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचाच सांगाडा घेतला. लोकांना गण माहीत होता, गवळण माहीत होती, सोंगाड्या माहीत होता, त्यामुळे लोक ऐकायला बसायचे आणि मग त्याच सांगाड्यात भटजी, सावकार, कर्ज, कर्मकांड, शाळा हे सगळं यायचं. तमाशातला सोंगाड्या मुळात काय करतो, तर राजा किंवा सरदार काहीतरी मोठं बोलतो आणि हा ते मुद्दाम चुकीचं ऐकतो, उलटा अर्थ लावतो, प्रश्न विचारत राहतो. जलशात तोच सोंगाड्या पोथी सांगणाऱ्याला प्रश्न विचारायला लागला. हजारो वर्षं ज्याला फक्त ऐकायचं आणि मान डोलवायची एवढंच काम होतं तो माणूस स्टेजवर उभा राहून विचारतोय, की हे कुठं लिहिलंय आणि कुणी लिहिलंय. १९२० च्या दशकात पुण्यात गणपतीच्या मेळ्यांच्या समोर ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या लोकांचा छत्रपती मेळा उभा राहिला, गाण्याला गाण्यानं उत्तर, एकाच शहरात एकाच रस्त्यावर. ती भाषा काही गोड नव्हती, जहाल होती, दुखावणारी होती, पण दोन्ही बाजूंना समोरच्यानं काल काय गायलं हे नीट माहीत असायचं.

आंबेडकरी जलशांबद्दल तर किती लिहावं. भीमराव कर्डकांचा जलसा, नाशिकची बाजू, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला तो काळ. बाबासाहेब म्हणाले होते असं सांगतात की माझी दहा भाषणं आणि यांचा एक जलसा बरोबरीचे आहेत. या वाक्याकडे आपण नेहमी कलावंतांचं कौतुक म्हणून बघतो. मला त्यात एका फार मोठ्या वक्त्याची ऐकणाऱ्याबद्दलची समज दिसते. भाषणात माणूस समोर बसून ऐकतो, जलशात त्याच्या वस्तीतला, त्याच्यासारखा बोलणारा कुणीतरी स्टेजवर उभं राहून त्याच्या वतीनं ऐकतो आणि त्याच्या वतीनं विचारतो. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी आज तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या तोंडात आहेत, ज्यांनी वामनदादांना कधी बघितलं नाही अशा पोरांच्या, कारण ती गाणी ऐकणाऱ्यानं पुढं म्हणायची अशाच बांधणीची आहेत.

शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. अण्णा भाऊंची ती मैनेची छक्कड बहुतेकांना माहितीय. मुंबईला कामाला आलेला माणूस गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, अर्ध्याहून जास्त गाणं तेवढंच आहे, विरह, तिचं रूप, मुंबईतले हाल, आणि ऐकणारा पार त्यात बुडालेला असताना कळतं की गावावर राहिलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. संयुक्त महाराष्ट्राचा अख्खा मुद्दा तिथं कानातून आत गेलेला असतो, आधी माणूस म्हणून ऐकवलं आणि मग नकाशा दाखवला. त्या आंदोलनात १०६ माणसं हुतात्मा झाली आणि १ मे १९६० ला राज्य झालं. हे सगळं गाण्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. पण लोक त्या सभांना तासन् तास का बसायचे याचं उत्तर निवेदनांच्या फायलींमध्ये मिळणार नाही, ते या छक्कडीत मिळेल.

मग काय झालं. माझ्या मते मोठा फरक लाऊडस्पीकरनं पडला, आणि यात त्या यंत्राचा दोष आहे असं नाही, अत्र्यांच्या शिवाजी पार्कवरच्या सभा लाऊडस्पीकरशिवाय झाल्याच नसत्या. पण त्या काळचा स्पीकर आणि आजची सिस्टिम यात फरक आहे. मैदानात समोरून कुणी काही ओरडलं तर अत्र्यांना ते ऐकू जायचं आणि ते तिथल्या तिथं त्याला उत्तर द्यायचे, त्याचे किस्से लोक अजून सांगतात. आज वक्त्याच्या समोर मॉनिटर असतो ज्यातून त्याला त्याचाच आवाज परत येतो, लाईट डोळ्यावर असतो, पहिली रांग पन्नास फूट लांब बॅरिकेडमागे असते. खालून कुणी काही विचारलं तरी त्याला ते ऐकू येणं शक्यच नाही. म्हणजे तो ऐकत नाही हा त्याचा अहंकार असेल नसेल, पण व्यवस्थाच अशी लावलीय की त्याला फक्त स्वतःचंच ऐकू यावं. आणि टीव्हीवर तर आठ चौकटी, आठ जण एकाच वेळी, माइक कुणाचा चालू ठेवायचा आणि कुणाचा खाली करायचा हे तिसरीकडे बसलेला माणूस ठरवतो, घरी बघणाऱ्याला वाटतं की अमुक माणसाकडं उत्तर नव्हतं.

माझ्या गावातली गोष्ट सांगतो, सातारा जिल्ह्यातलं गाव, नाव मुद्दाम टाळतोय. १ मेची ग्रामसभा. मी पुण्याहून सुट्टीला गेलो होतो. सभा देवळाच्या सभामंडपात, माइक एक, आणि स्पीकरचा कर्णा बाहेर गावाकडे तोंड करून, म्हणजे गावात घरी बसलेल्याला स्पष्ट ऐकू येणार आणि आत बसलेल्यांना नुसता घुमणारा आवाज. बायका मागे, खांबापलीकडे. महिलांची ग्रामसभा आधी वेगळी घ्यायची असा कायदा आहे, ती झाल्याचं कागदावर होतं. विषय पाण्यावर आला तेव्हा मागून एक आक्का उठल्या, साठीच्या असतील, पदर दोन बोटांत घट्ट धरलेला, आणि बोलल्या. माइक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, वायर पुरत नव्हती. मी खांबाशेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "तीन दिसाआड पाणी येतंय, ते बी रातच्या दीडला, माझी सून गरवार हाय, तिनं काय रातचं उठून हंडं भरायचं का?" पुढून सरपंचांनी विचारलं, काय म्हणतायत? माइकजवळ पंचायतीचा शिपाई उभा होता, त्यानं माइकमध्ये सांगितलं, "आक्का म्हणत्यात पाण्याची तक्रार हाय." झालं. सरपंच म्हणाले, बघतो, पुढचा विषय. आक्का खाली बसल्या.

त्या शिपायाचा काही वाईट हेतू नव्हता, तो तिथला झीलकरीच होता खरं तर, आक्कांची ओळ उचलून पुढं देणं हे त्या क्षणी त्याचं काम होतं, आणि ओळ उचलताना त्यातला दीड वाजला गळून पडला, गरवार सून गळून पडली, तीन दिवस गळून पडले, उरली फक्त पाण्याची तक्रार, आणि तशी तक्रार तर प्रत्येक ग्रामसभेत असतेच. अख्ख्या गावाला कर्ण्यातून ऐकू गेली ती हीच. आवाज तर भरपूर होता. माझ्या डोक्यातून तो प्रसंग गेला नाही, आणि हा लेख लिहायला मी बसलोय तो त्यामुळंच.

आता डेसिबलबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २०२२ च्या राज ठाकरेंच्या गुढीपाडव्याच्या सभेपासून भोंग्यांचं जे राजकारण पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल, मशिदीवरचे भोंगे, त्याच्यासमोर हनुमान चालिसा, अल्टिमेटम. मग जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की लाऊडस्पीकर वापरणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. मला हा निर्णय पटतो आणि तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा असं वाटतं, अजान असो, आरती असो, जयंतीचा डीजे असो नाहीतर विसर्जनाचा, तान्ह्या बाळाच्या कानाला धर्म कळत नाही. पण २०२२ च्या त्या दोन-अडीच महिन्यांत मी जे काही वाचलं-ऐकलं त्यात एकदाही असं दिसलं नाही की एका बाजूनं दुसऱ्या बाजूचं वाक्य नीट परत म्हणून दाखवलं आणि मग उत्तर दिलं. भोंग्याला उत्तर म्हणून भोंगा. कलगीवाल्यांनी सवाल टाकावा आणि तुरेवाल्यांनी फक्त ढोलकी जोरात वाजवावी, असा तो फड होता.

आणि डेसिबल मोजायच्या मीटरचा अजून एक प्रश्न आहे. तो आवाज मोजतो, पण कुणाचा आवाज आपल्याला गोंगाट वाटतो हे तो मोजत नाही. एकाच सोसायटीतून सप्टेंबरमध्ये ढोल-ताशाला फोन जात नाही आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला संध्याकाळी सातलाच पोलिसांना फोन जातो, हे मी राहतो तिथं बघितलंय. दोन्हीकडं मर्यादा ओलांडलेलीच असते. कान आपला आहे असं आपल्याला वाटतं पण त्या कानाला जात, धर्म, वर्ग सगळं शिकवलेलं असतं.

डेसिबल दुसऱ्या दिशेनंही मोजता येतं हे मला एका कलाकारामुळं कळलं. लॉरेन्स अबू हमदान, जॉर्डनमध्ये जन्मलेला, आवाज हेच ज्याच्या कलेचं माध्यम आहे. सीरियात दमास्कसजवळ सैदनाया नावाचा तुरुंग होता, कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी किंवा अंधार, आणि बोलायला सक्त मनाई, आवाज झाला तर मार. त्यामुळं सुटून आलेल्या लोकांकडे डोळ्यांनी बघितलेलं सांगायला फारसं नव्हतं, कानांनी ऐकलेलं होतं. २०१६ मध्ये ॲम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना आणि फॉरेन्सिक आर्किटेक्चर हा गट यांच्याबरोबर त्यानं या लोकांशी बोलून, त्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून, तुरुंग आतून कसा असेल हे उभं करायला मदत केली. पायऱ्या किती, दार लोखंडी का, शेजारच्या खोलीत कुणी आहे का. आणि मग त्यानं एक गोष्ट मोजली, हे कैदी एकमेकांशी कुजबुजताना किती हळू बोलायचे. २०११ मध्ये सीरियात उठाव झाला, त्याच्या आधीची कुजबुज आणि नंतरची कुजबुज यात १९ डेसिबलचा फरक निघाला. नंतरची एवढी खाली गेली होती. भीती किती वाढली याचा तो आकडा होता. त्याचं ते काम प्रदर्शनांमध्ये मांडलं गेलं, ब्रिटनमधला कलेचा २०१९ चा टर्नर पुरस्कार चार कलाकारांनी वाटून घेतला त्यातला तो एक. डिसेंबर २०२४ मध्ये असदची सत्ता पडली आणि त्या तुरुंगाची दारं उघडली तेव्हा जगानं डोळ्यांनी बघितलं, पण त्याआधी आठ वर्षं ते कानांनी सांगून झालेलं होतं.

ते कामच मला पुन्हा पुन्हा आठवतं कारण आपण मीटर घेऊन फिरतो ते फक्त वर गेलेला आवाज पकडायला. खाली गेलेला आवाज कुठं मोजतो? आमच्या आक्का विहिरीवर बोलतात तेव्हा दोन शेतं पलीकडं ऐकू जातं. त्याच बाई सभामंडपात उठल्या तेव्हा त्यांचा आवाज खांबाच्या पुढं गेला नाही. मधले किती डेसिबल गेले, आणि ते कुणी नेले, हा राजकीय प्रश्न आहे. सैदनायाची आणि आमच्या गावाची बरोबरी मी करत नाहीये, कुणी तसं वाचू नये, पण आवाज खाली जातो तेव्हा त्याला कारण असतं एवढं तरी त्यातून घ्यावं.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये हेच आहे. १९६७ चा रंगायनचा प्रयोग, सुलभा देशपांडे बेणारेच्या भूमिकेत. लुटुपुटीचा खटला लावून अख्खं नाटक सगळे जण तिच्यावर बोलतात, आणि शेवटी न्यायाधीश तिला बोलायला देतो दहा सेकंद. ती गप्प राहते. मग बाकी सगळे गोठतात आणि ती तिचं ते लांबलचक स्वगत बोलते. मराठी नाटकवेड्यांना ते स्वगत पाठ आहे, एकांकिका स्पर्धांच्या निवडीला, अभिनयाच्या परीक्षेला कितीतरी मुलींनी ते म्हटलंय. पण नाटकात ते कुणीच ऐकलेलं नसतं. आम्ही प्रेक्षागृहात बसलेल्यांनी ऐकलं, तिथल्या एकाही माणसानं नाही, त्यांच्या दृष्टीनं आरोपी दहा सेकंद गप्प होती. मला वाटतं की आपल्या सार्वजनिक वादांमध्ये असं सतत होतं, की ज्याच्यावर चर्चा चाललीय तो माणूस कुठंतरी सगळं बोलून मोकळा झालेला असतो, फेसबुकवर, घरात, गाण्यात, कवितेत, आणि निर्णय जिथं होतो तिथं त्याच्या नावापुढं दहा सेकंदांची शांतता लिहिलेली असते.

इथं माझ्या विरोधात जो सगळ्यात खरा मुद्दा आहे तो मांडतो. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्याकडं ओरडण्याशिवाय काय असतं? शांतपणे ऐका, सवाल-जवाब करा, हे सगळं ज्याला आधीच खुर्ची मिळालीय त्याला सांगायला सोपं आहे. मान्य. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेबांनी वर तुकोबांचा अभंग छापला होता. काय करूं आतां धरुनिया भीड, निःशंक हे तोंड वाजविले, नव्हे जगी कोणी मुकियांचा जाण, सार्थक लाजून नव्हे हित. तोंड वाजवणं हे तिथं आलंय, आणि निःशंकपणे आलंय. मुक्याचं जाणणारं जगात कुणी नाही म्हणून मी तोंड वाजवलं. त्यामुळं कुणी हळू बोलावं असं माझं म्हणणंच नाही. पण त्या अभंगात दोषही सांगितलाय, मुक्याचं जाणणारा नाही, म्हणजे ऐकणारा नाही. तो असता तर तोंड वाजवायची वेळ आली नसती.

आणि या राज्यानं न ओरडताही ऐकायला लावलेलं आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत, आताचं छत्रपती संभाजीनगर, पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, कोपर्डीच्या घटनेनंतर, आणि पुढं ५० हून जास्त निघाले. लाखो माणसं, घोषणा नाही, पुढारी स्टेजवर नाही, निवेदन मुली वाचणार. त्यांच्या सगळ्या मागण्यांशी तुम्ही सहमत असा नसा, त्या शांततेनं जेवढं लक्ष वेधलं तेवढं नंतरच्या घोषणांनी वेधलं नाही हे माझं मत आहे. आणि मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च, नाशिकहून मुंबई, साधारण १८० किलोमीटर, पायाला फोड आलेले आदिवासी शेतकरी ११ तारखेला सायनच्या सोमय्या मैदानावर पोचले, आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची गैरसोय नको म्हणून ते रात्रीच उठून अंधारात आझाद मैदानापर्यंत चालत गेले. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांनी आधी शहरातल्या मुलांचं ऐकलं. सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे होते. वनजमिनीचा प्रश्न त्याआधी किती जणांना माहीत होता?

आपल्या भाषेत ऐकणं हा शब्दच किती अडचणीचा आहे बघा. पोरगं ऐकत नाही म्हणजे सांगितलेलं करत नाही. मी का ऐकून घेऊ म्हणजे मी का अपमान सहन करू. सुनावणं म्हणजे झापणं. म्हणजे ऐकणारा हा कायम खालचा, असा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात बसलाय, मग कुठल्या पुढाऱ्याला आपण ऐकणारा म्हणून दिसावं असं वाटेल. पण सुनावणं ज्या धातूवरून आलं त्याच धातूवरून सुनावणीसुद्धा आहे, जनसुनावणी. आणि तिच्याबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहितीय. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठी २००६ ची जी अधिसूचना आहे तिच्यात लिहिलंय की सुनावणी संपताना लोकांनी जी मतं मांडली त्याचा सारांश तिथल्या तिथं, जमलेल्या लोकांसमोर, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि मगच त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही. अहो, ही झीलच आहे. तुम्ही जे म्हणालात ते आम्ही असं ऐकलं, बरोबर आहे का. पण ती वाचायची वेळ येते तेव्हा दुपारचे तीन-चार वाजलेले असतात, अर्धा मांडव रिकामा असतो, माइकवाला वायरी गुंडाळत असतो. ज्यांच्या गावात अशी सुनावणी होणार असेल त्यांनी माझं एवढं ऐकावं, भाषण पाच मिनिटं कमी करा पण शेवटच्या वाचनाला थांबा, आणि तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत आलंय का बघा, नसेल तर तिथंच उठा.

ग्रामसभेतही ती जागा आहे. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय सगळीकडे एकच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो वाचायला सुरुवात होते न होते तोच दोन-चार जण मंजूर मंजूर म्हणतात आणि पान उलटतं.

१५ ऑगस्टला मी परत गावी गेलो, झेंडावंदन झाल्यावर सभा. कर्णा अजून बाहेरच तोंड करून होता. ग्रामसेवक वाचायला लागले आणि नेहमीसारखं मंजूर झालंच होतं, तेवढ्यात मागून आक्कांनी, मी काही सांगितलं नव्हतं त्यांना, त्यांनीच विचारलं, "माझं काय लिवलंय त्यात?" ग्रामसेवकांनी शोधून वाचलं, पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली. आक्का म्हणाल्या, "मी आसं न्हवते म्हणाले." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. शिपाई माइक काढून, वायर जेवढी येईल तेवढी ओढत खांबापर्यंत आला आणि उरलेलं अंतर आक्का चालत आल्या. ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं. "तीन दिसाआड," आक्का म्हणाल्या. ग्रामसेवक लिहिताना मोठ्यानं म्हणाले, तीन दिवसाआड. "रातच्या दीडला." रात्री दीड वाजता. "आता माझी सून बाळंत झालीया, पाणी आजून दीडलाच येतं." ते त्यांनी आधी नुसतंच ऐकलं, मग तेही लिहिलं.